उंबऱ्यावरचं ताट

आई,

डिग्रीच्या परीक्षेले मालेगावले चालली. तू सांबार-मेथीच्या जुड्या इकाले बजारात गेली, म्हून सांगता नाई आलं. बाकी शिकणं सारं मोबाइलवर होते, परीक्षा तेवढी सेंटरवर जाऊन द्या लागते. भाकरी टोपल्यात हाय, वरन गरम करून घेजो.

काल मी खोलीत कंपनीच्या कामाले बसली होती, तवा तू दोनदा दारापाशी आली. माह्या कानाले हेडफोन दिसला, तं ताट उंबऱ्यावर ठेवून गुपचूप परत गेली. काई सांगाचं होतं काय?

आज संध्याकाळी सांगजो. हेडफोन दिसला तरी अंदर ये. कंपनीचा कॉल कवाचाच बंद झालेला असते, आई. घर लय सुनं लागते, म्हून हेडफोन काढावासा वाटत नाई.

निता