पांढऱ्या पायाची

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

काष्टी, दि. ११ फेब्रुवारी १९७४

चि. राही हिस,

अनेक आशीर्वाद. नावाआधी सौ. लिहायला हात अजून जातो, आणि त्याच्या जागी दुसरं काही मी लिहिणार नाही. नुसतं चि. पुरे. कार्ड टपालवाल्यापासून सगळे वाचतात, म्हणून आज आंतर्देशीय घेतलं. जागा वाया जाऊ नये म्हणून बारीक लिहिते.

इकडे सर्व ठीक. दुष्काळात दोन घोड्या विकाव्या लागल्या, हरणी तेवढी राहिली. तू माहेरी गेलीस तेव्हा गाभण होती, ती गेल्या आठवड्यात सुखरूप व्याली. शिंगरू मादी आहे, तांबडं, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी! मी भंडारा लावला. तुझ्या मामंजींनी गावभर पेढे वाटले. रोज खरारा तेच करतात, हरणीच्या चंदीचे हरभरे तेच भिजवतात. पांढरा खूर मऊ असतो, फार जपावा लागतो, म्हणून शिंगराच्या खुरांना तेलही तेच लावतात. गड्याला हात लावू देत नाहीत.

कानिफनाथाचं कार्ड पोचलं. तुझी ट्रंक पाठवून द्या, असं तुझ्या भावाने लिहिलंय. त्याचं चुकलं नाही. उत्तराला उशीर झाला, कारण मधे एक गोष्ट घडली.

परवा श्रीगोंद्याचे काकासाहेब शिंगरू बघायला आले. घोड्यांचे जुने गिऱ्हाईक. हे खाली बसून तेल चोळत होते. काकासाहेब अंगणातूनच हसत म्हणाले, "बापू, पांढऱ्या पायाची आली घरात. भाग्य उघडलं तुमचं."

यांचा हात खुरावरच थांबला. तेच अंगण, राही. आपल्या मच्छिंद्राच्या तेराव्याला तुला उद्देशून तोच शब्द यांनी तिथेच उच्चारला होता, सगळ्या भावकीदेखत. काकासाहेबांना पाणी दिलं, चहा दिला, पण शिंगरू विकायचं नाही एवढंच हे बोलले.

जेवताना म्हणाले, "जनावराचं पाय पांढरं, म्हून पेढं वाटलं मी. आन् पोरीला..."

ताटावरून उठायला लागले. मी म्हटलं, अन्न टाकून उठू नका, आणि राहिलेलं वाक्य मला नको, कर्जतला जाऊन पुरं करा.

तर गुरुवारी ते एस.टी.ने तुमच्याकडे येत आहेत. चाऱ्याचं बघायला आलो, असं सांगतील. चारा इथे आढ्याला टेकलाय. तू समोर बस आणि त्यांना बोलू दे. वेळ लागेल. समोरचा अडखळला की तूच त्याचं वाक्य पुरं करून देतेस, ती तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी देऊ नकोस.

ऐकून झाल्यावर तुझ्या मनाला येईल तसं कर. यायचं नसेल तर ट्रंक मी स्वतः आणून देईन आणि एका शब्दाने विचारणार नाही. तोवर ती तुझ्याच खोलीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय. शिंगराचं नाव अजून ठेवलेलं नाही.

कडेला एवढीच जागा उरली.

तुझी, आजही,
आत्याबाई