डोळ्यांत केस उगवलेलं हरीण

प्रिय सरकार,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझ्या आईची कंबर आता कशी आहे? इथं सगळं ठीक. म्हणजे मी जेवतो, झोपतो, कामावर जातो. दूधवाल्याला एकच पिशवी सांगितलीय, तरी तो दोन टाकतो आणि मी मुकाट्याने दोन्ही तापवतो. कशाचंच फारसं काही वाटत नाही.

प्रयोगशाळेत परवा एक मेलेलं हरीण आलं. दोन्ही बुबुळांवर केस उगवलेले, चांगले दाट. जिथं कातडी व्हायची नाही तिथं ती गर्भातच तयार झाली, एवढं सांगता येतं. का झाली, ते नाही. एरवी असलं काही आलं की घरी येऊन मी तुझं डोकं खाल्लं असतं आणि जेवताना नको म्हणून तू ओरडली असतीस. आता डोळा काढला, बरणीत ठेवला, हात धुतले, चहा प्यायलो.

त्याआधी तळ्यावरचे बेडूक आले होते. कुणाला मागे चार पाय, कुणाला एकच. आमचे साहेब लगेच शेतातल्या फवारणीवर घसरले. मी चिरून पाहिलं तर पायांच्या मुळाशी बारीक जंतांच्या गाठी. पिल्लं अजून शेपटीवर पोहत असतात तेव्हाच हे जंत आत शिरतात आणि फुटणाऱ्या पायांचा घोळ करून ठेवतात. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. माझी खोड तुला ठाऊक आहे, पुरावा हातात आल्याशिवाय मी कारण लिहीत नाही. मागे एक शिंगं फुटलेली हरिणी आली होती, तिचा रिपोर्ट तर मी वर्षभर लोंबकळत ठेवला होता.

जाताना तू विचारलंस, बेडकांचं कारण सापडतं तुला, मग आपलं बाळ गेलं त्याचं का नाही? मी तुझी बॅग गाडीत ठेवली. बाळाचं हृदय पोटातच नीट जुळलं नव्हतं गं. तू जिने चढलीस म्हणून नाही, काही खाल्लंस म्हणून नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचं रक्त तपासलं तर कुणाच्या बाजूने आलं ते कदाचित कळेल. कदाचित कळणारही नाही.

माझ्या आईला मात्र आधीच कळलेलं होतं. येईल त्याच्यापुढे तिचं सुरू, आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. ते ऐकूनच तू बॅग भरलीस. काल शेजारणीसमोर ती पुन्हा तेच म्हणाली. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, तपासणी झाली, दोष माझ्या रक्तात आहे, म्हणजे आपल्याच घराण्यात. ती खुर्चीत बसली ती बसलीच. तपासणी झालेली नाही. मी रक्त दिलेलं नाही, आणि तू म्हटल्याशिवाय देणारही नाही. रविवारी आई तुला न्यायला येतेय. यायचं की नाही ते तू ठरव. पण रिपोर्टचं विचारलं तर तिला फक्त हो म्हण.

तुझाच,
मी