निवडलेल्याने फोन करू नये

४ फेब्रुवारी, मंगळवार
ही रागावून बहिणीकडे गेली. वाद क्षुल्लक. चहा पिता पिता हिने विचारलं, मी तुम्हाला हवी आहे का? मी सांगितलं, आपलं लग्न देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलेलं आहे, तेव्हा माझ्या हवं-नकोचा प्रश्नच येत नाही. याहून मोठं आश्वासन कुठल्या बायकोला मिळालंय? तर ही उठून चपला घालायला लागली.

दोष हिच्या माहेरचा. ते बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती. त्यांचा पाळक भर उपासनेत हात पसरून विचारतो, कोण पुढे येतंय? मग ज्याने त्याने आपल्या तोंडाने हो म्हणायचं आणि बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरायचं. आमच्या मंडळीत कॅल्विनची शिकवण: कुणाला तारायचं ते देवाने आधीच ठरवलेलं. कुणी कुणाला विचारत नाही. देवाने निवडलं की निवडलं.

निश्चय: फोन करायचा नाही. यायची असेल तर येईलच. मी मध्ये लुडबुड करणं म्हणजे देवावर अविश्वास.

७ फेब्रुवारी
बटाटे उकडायला ठेवले. पातेलं जळलं. हेही ठरलेलंच असणार. बिस्किटं खाल्ली.
रेडिओवरच्या बातम्यांना मोठ्याने उत्तरं देत बसलो. विचारस्वातंत्र्य भरपूर. ही असली की मध्येच बोलते.

९ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकांनी हिची चौकशी केली. सगळं सांगितलं. म्हणाले, अहो, देव शेवट ठरवतो तशी साधनंही ठरवतो. आत्म्याचं तारण त्याच्याकडून, पण सुवार्ता कुणीतरी जाऊन सांगावीच लागते ना? तुम्ही तर लिफ्ट दुरुस्त करणारे. बटण दाबल्याशिवाय लिफ्ट येते का? मी म्हटलं, नवीन मॉडेलमध्ये रिकामी लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन थांबते. ते पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळले. पटलं असणार.

१२ फेब्रुवारी
फोन हल्ली आंघोळीलाही बरोबर नेतो. याला वाट बघणं म्हणत नाहीत. विश्वास म्हणतात.
दुपारी वाजला! मेहुणी होती. म्हणाली, भाऊजी, ताई तुमच्या फोनची वाट बघतेय, एकदा तरी करा. ही परीक्षा आहे हे मी तत्काळ ओळखलं. बघू म्हणालो.
मग हिची उशी उन्हात टाकली. उगाच. धूळ बसते.

१५ फेब्रुवारी
मार्ग सापडला. मिस्ड कॉल. एकदाच वाजवून ठेवून द्यायचा. हे साधन नव्हे, बोट लागलं म्हणता येतं. दिला. तिकडून काही नाही. परत बोट लागलं. मग आणखी बरेचदा लागलं.
संध्याकाळी मेहुणीचा मेसेज: ताई म्हणते, मिस्ड कॉल देणाऱ्याला तोंड नाही का?
बाप्टिस्ट हट्टी फार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
हालेलुया! ऑफिसने आज कुठे पाठवावं? मेहुणीच्याच बिल्डिंगमध्ये! लिफ्ट अडकते अशी तक्रार. मी बोटही न हलवता देवाने मला हिच्या दारात नेऊन उभं केलं. पाळकांना कळवायला हवं.

दरवाजे, दोर, ब्रेक, मोटर, सगळं तपासलं. बिघाड काही नाही. वर-खाली करून बघत होतो, तेवढ्यात चौथ्या मजल्यावर हीच आत आली. हातात बॅग. वाळलीय जरा. लिफ्ट खाली आली. मग हिने विचारलं, कशाला आलात? मी खरं ते सांगितलं, लिफ्टच्या तक्रारीवरून. ही म्हणाली, बास? तेवढंच? मी म्हटलं, हो, लिफ्ट एकदम ठणठणीत आहे, आता बिनधास्त वापरा. हिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, मग जाऊ मी? मी म्हटलं, जा की.
कुठेतरी बाहेर निघाली असेल म्हणून अदबीने दरवाजा धरून उभा राहिलो. तर ही बाहेर पडलीच नाही. चौथ्याचं बटण दाबून परत वर गेली. काहीतरी विसरली असेल.
एकंदरीत भेट उत्तम झाली.

१९ फेब्रुवारी
ऑफिसमध्ये तक्रारी घेणारी मुलगी हसत होती. म्हणाली, काका, कालची तक्रार एका बाईंची होती. दुसरा कुणी नको, यांनाच पाठवा म्हणाल्या.
मी रिपोर्टात लिहिलं होतं: बिघाड नाही.
दिवसभर कामात लक्ष नव्हतं. ही बॅग भरून खाली आली होती. माझ्याकडे. आणि मी जा म्हटलं.

घरी येऊन फोन केला. पूर्ण वाजू दिला. मेहुणीने उचलला. ताईला द्या म्हटलं. म्हणाली, ती बोलत नाही, पण इथेच बसलीय, काय सांगायचं ते मला सांगा, मी सांगते तिला.
हवी आहे, एवढंच सांगायचं होतं. मला ही हवी आहे. फार हवी आहे.
लिफ्ट नीट चालतेय ना, असं विचारलं.
चालतेय म्हणाली.