सोयादूध, माझी गोळी आणि डाव्या बाह्या

ती. वन्संना,

तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचा वाकून नमस्कार. (वाकता येतं आता. मध्यंतरी येत नव्हतं, त्याचीच ही हकीकत आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं कमी झालं, की तुम्हीच दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात? गॅलरीतल्या कुंड्यांचं कसं चाललंय? सगळं सविस्तर कळवा, कारण फोनवर तुम्ही आमची तब्येत विचारता आणि आम्ही उत्तर देण्याआधी उपाय सांगून मोकळ्या होता. पत्रासोबत तुमच्यासाठी थंडीचा कोट पाठवला आहे. कापड उत्तम आहे आणि काप माझा आहे. पुडकं मात्र पत्र वाचून झाल्यावरच सोडा, नाहीतर कोटाच्या नादात पत्र राहून जाईल.

तर वन्सं, ह्यांच्या वाढदिवसाला तुम्ही सोयादूध काढायचं यंत्र पाठवलंत, आणि सोबत मासिकातून कापलेला लेख. लेखावर तुमच्या हातचं लाल पेनाने लिहिलेलं, ‘दोघांनी वाचा आणि आचरणात आणा.’ ह्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी विनातक्रार मानल्या, एक खात्याचं परिपत्रक आणि दुसरा थोरल्या बहिणीचा शब्द. निवृत्त झाल्यापासून परिपत्रकं यायची थांबली, त्यामुळे तोही सगळा आज्ञाधारकपणा तुमच्या वाट्याला आला आहे. लेख त्यांनी उभ्याने वाचला, बसून वाचला, आणि मग मला स्वयंपाकघरात गाठून मोठ्याने वाचून दाखवला. हृदय सुधारतं, हाडं सुधारतात, कोलेस्टेरॉल उतरतं, कातडी उजळते. (नवऱ्याचा स्वभाव सुधारतो असं कुठे दिसतंय का ते मी शोधत होते. नव्हतं.)

वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक घरात असला की काय होतं, याची तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही लांब असता. ओट्यावर तराजू आला. सोयाचे ते स्पंजासारखे गोळे भिजवण्यापूर्वी एकदा आणि भिजवल्यानंतर एकदा वजन करून ताटात पडू लागले. ब्रेडमध्ये सोयापीठ, सूपमध्ये सोयापीठ, आणि चहात सोयादूध. सोयादुधाने चहा फाटतो, वन्सं. तो का फाटतो यावर तुमच्या बंधूंनी प्रयोग केले, आधी चहा मग दूध, आधी दूध मग चहा, दोन्ही एकदम, आणि शेवटी फाटलेला चहाच पचायला बरा असं जाहीर करून टाकलं. मग टोफू आला. हा एक पांढरा ठोकळा असतो, त्याला स्वतःची चव नसते, शेजारी जे असेल त्याची चव तो घेतो, असं लेखात कौतुकाने लिहिलं होतं. (आमच्या कारखान्याच्या मालकांचे जावई अगदी असेच आहेत, पण त्यांच्याबद्दल पुढे.)

मध्यंतरी एक दिलासा मिळाला होता. खालच्या मजल्यावर व्यायामशाळेचे मास्तर राहतात, त्यांनी जिन्यात ह्यांना गाठून सांगितलं की सोया खाणाऱ्या पुरुषांची छाती बायकांसारखी वाढते. झालं, ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून रोज सकाळी माझी टेप गळ्यात घालून हे आरशासमोर उभे. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या वजनकाट्यांना शिक्के मारले, त्याने एक दिवस बनियनवरून माप घेतलं, दुसऱ्या दिवशी स्वेटरवरून, आणि वाढ झाली म्हणून पलंगावर बसकण मारली. मी स्वेटर काढायला सांगितलं तेव्हा वाढ उतरली. एवढं होऊनही सोया बंद झालं नाही, कारण मास्तर कितीही पिळदार असले तरी ते काही थोरली बहीण नव्हेत.

आता मुद्द्याचं. माझी थायरॉईडची गोळी तुम्हाला माहीत आहे, कित्येक वर्षं घेते आहे. आणि तुमच्या घराण्याचा गोळीचा नियमही तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आईंनीच घातलेला. या घरात कोणी औषध पाण्याबरोबर घेत नाही. पाण्याने तर फरशीही पुसतात, औषधाचा मान दुधानेच राखायचा, असं सासूबाईंचं म्हणणं. मी लग्न होऊन आले तेव्हा डोकेदुखीची गोळी पाण्याने गिळली, तर तुम्ही सगळे माझ्याकडे असे पाहत राहिलात, जणू मी ती नळाला तोंड लावून गिळली असावी. मीही मग सवय लावून घेतली, गोळीसोबत अर्धा पेला दूध. डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षं त्या सवयीवरच माझं प्रमाण नकळत बसवलेलं होतं आणि गाडी ठीक चालली होती. तुमचं यंत्र आलं आणि घरातलं दूध बदललं. नियम तोच राहिला, त्यामुळे काही बदललं आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

हळूहळू मी मंदावले. अंग जड, आवाज घोगरा, भर दुपारी थंडी वाजायची. केस गळायचे ते वेगळेच. जिन्यात मधेच उभी राहिले की वर चालले होते की खाली, ते आठवायचं नाही. ह्यांना काळजी वाटली, खोटं कशाला बोलू, खरीच वाटली. मी थकलेली दिसले की ते पेल्यात आणखी सोयादूध ओतायचे. मी आणखी थकायचे, मग ते आणखी ओतायचे. डॉक्टरबाई गोळीची ताकद वाढवत होत्या आणि इकडे तुमचे बंधू दुधाची, असा सामना माझ्या गळ्यात रंगला होता, आणि बंधू जिंकत होते.

मग तो बाह्यांचा दिवस आला. मी गणवेशाच्या कारखान्यात कटर आहे, हे तुम्ही ओळखीच्यांना ‘शिवणकाम करते’ असं सांगता, म्हणून जरा उलगडून सांगते. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, एक सुलट, एक उलट, म्हणजे एका कापात डाव्या-उजव्या बाह्यांची जोडी निघते. हे मी झोपेतही चुकत नाही. त्या दिवशी मी जागी होते आणि चुकले. सगळे थर सुलट अंथरले आणि अख्खा ढीग कापून काढला. शिवणाऱ्या बायकांनी बाह्या जोडायला घेतल्या तेव्हा कळलं की सगळ्या डाव्या. गणवेश एका मोठ्या गोदामाच्या पहारेकऱ्यांचे होते, त्या सगळ्यांना मी दोन दोन डावे हात करून ठेवले होते. मालकांनी नुसतं जावयांकडे पाहिलं. (जावई कात्री अशी धरतात, जशी कोणी पालीला शेपटीने धरावी. पण ते जावई आहेत.)

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं, ह्यांनी तुम्हाला फोन केला. ह्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तुमचा भाऊ तुमच्याशी जे खासगी बोलतो ते स्पीकरवरून आमच्या भांड्यांनाही ऐकू येतं. मी ओट्याशीच होते. या वयात बायका अशा व्हायच्याच, तिला म्हणावं पुष्कळ झाली कात्री, आता घरी बस आणि तब्येत सांभाळ, असं तुम्ही म्हणालात. दुसऱ्याच दिवशी हे डब्यात टोफू घेऊन कारखान्यात गेले आणि ही एवढी मोठी ऑर्डर संपली की येणार नाही, असं मालकांना परस्पर सांगून आले. मला कळलं ते मालकांनी माझं अभिनंदन केलं तेव्हा. मला रडू आलं, वन्सं. ज्या टेबलाशी उभं राहून माझी पाठ वाकली, ते टेबल तुम्ही दोघांनी फोनवर वाटून टाकलं. राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात ताकद लागते. ती नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

उलगडा झाला तो दवाखान्यात. रक्त द्यायचं असलं की गोळी नंतर घ्यायची असते, म्हणून ह्यांनी गोळीची पुडी आणि सोयादुधाचा थर्मास सोबत दिला होता. रक्त दिलं आणि डॉक्टरबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून मी शांतपणे पेला भरला, गोळी तोंडात टाकली. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे काय, म्हणून विचारलं. मी सोयादूध म्हटलं. रोज? रोज. गोळीबरोबरच? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आमच्या घरात गोळी पाण्याने घेत नाहीत. त्या बाई इतका वेळ हसल्या की बाहेरच्या रांगेतल्या लोकांना वाटलं आत काहीतरी शुभवार्ता आहे. मग त्यांनी समजावलं. सोयाने ही गोळी अंगाला नीट लागत नाही, साध्या दुधानेही थोडा अडथळा होतोच, म्हणून उपाशीपोटी, निव्वळ पाण्याने घ्यायची आणि सोया काही तासांनी. आतापर्यंत कधी विचारलं नाही ही आपलीच चूक, असंही त्या म्हणाल्या. (हे वाक्य मी घरी दोनदा सांगितलं, कारण चूक कबूल करणारं माणूस आमच्याकडे दुर्मीळ आहे.) सोयाला मात्र त्यांनी दोष दिला नाही. प्रथिनं चांगली, मांस-लोण्याऐवजी खाल्लं तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी टाळायचं, आणि रोजच्या जेवणातल्या सोयाने पुरुषांच्या छातीला काहीही होत नाही. थोडक्यात, लेखातल्या निम्म्या गोष्टी फुगवलेल्या होत्या आणि मास्तरांची तर सगळीच.

तेव्हापासून गोळी पाण्याने घेते. डॉक्टरबाईंनी ताकद पुन्हा उतरवली, आणि मी हळूहळू माणसात आले. जिन्यात आता कुठे चालले आहे ते आठवतं. कापडाच्या उरलेल्या ताग्यांतून पहारेकऱ्यांच्या उजव्या बाह्याही कापून दिल्या, धाग्याचाही फरक नाही. पण तुमचे बंधू आता दुसऱ्या टोकाला गेले आहेत. यंत्र माळ्यावर चढलं, आणि हे भिंग घेऊन पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसतात. ब्रेडमध्ये सोया सापडलं, बिस्किटात सापडलं, चॉकलेटातही सापडलं. घरातलं खाण्यासारखं सगळं शेजाऱ्यांना वाटून झालंय, आणि मास्तर ते आनंदाने खातात. (छातीचं विचारलं नाही.) आणि कात्री सोडायचा हट्ट तसाच आहे, फक्त कारण बदललं. आधी मी म्हातारी झाले म्हणून घरी बसायचं होतं, आता कारखान्याच्या धुरळ्याने माझी ग्रंथी नाजूक झाली आहे म्हणून. जावयांनी माझ्या स्टुलावर स्वतःची उशी आणून ठेवलीसुद्धा.

असो. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांसाठी कोणी गोळी दिली असेल तर कशाबरोबर घ्यायची ते विचारून घ्या, तुम्हीही त्याच घराण्याच्या आहात.

तुमची भावजय
(अजून तरी कटर)

ता.क. वरचं सगळं वाचून मी सोयावर चिडले आहे असं समजू नका. ह्यांना सांगू नका, पण मी रोज दुपारी कारखान्याजवळच्या दुकानातून गार सोयादुधाची बाटली घेते. मला ते आवडायला लागलं आहे. घरात मात्र ते परत यायला थोरल्या बहिणीचा नवा लेख लागेल. जुनाच पाठवलात तरी चालेल, लाल पेनाने फक्त ‘गोळीनंतर काही तासांनी’ एवढं वाढवा.

आणखी एक ता.क. त्याच लाल पेनाने भावाला दुसरी ओळही लिहा, की त्याने मालकांकडे जाऊन आपला शब्द परत घ्यावा. मी सांगून पाहिलं, डॉक्टरबाईंनी सांगून पाहिलं, पण आम्ही दोघी त्यांच्यापेक्षा वयाने लहान पडतो. माझं काम फोनवरून तुम्ही काढून घेतलंत, परतही तुम्हीच देऊ शकता.

शेवटचं. आता पुडकं सोडा आणि कोट घालून पाहा. दोन्ही बाह्या डाव्या आहेत. गोळी वेळेवर, पाण्याने घेऊन, पूर्ण शुद्धीत कापल्या आहेत. तुमच्या मापाची उजवी बाही शिवून, इस्त्री करून कारखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. टेबल माझं राहिलं तर ती मला तिथे सापडेल.