लाल चिंधीची वांगी

२१ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.
निर्णय घेतला. सरोजिनीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ऊनझरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसायला सांगितले आहे. दर मंगळवारी, अमरावतीहून गाडीने तासभर. मंगळवारीच तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. ती पाण्यात, मी बाजारात. भाजीची पिशवी यापुढे माझ्याकडे. अडतीस वर्षे दिवाणी कोर्टात उलटतपासणी घेतलेल्या माणसाला मेथीची जुडी तपासता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. हल्ली मी प्रॅक्टिस कमी केली आहे. (सरोजिनीच्या मते प्रॅक्टिसने मला कमी केले आहे.)

दुपारी ४.
ऊनझरी ऐतिहासिक आहे. कुण्या नवाबाचा संधिवात इथे बरा झाला म्हणे. मग इंग्रजांनी दगडी न्हाणीघर बांधले. पाटीवर लिहिले आहे की पाण्यात गंधक आहे. वासावरून पाटी खरी असावी. कुंडाच्या खाली चिंचेच्या झाडांमध्ये बाजार. मध्ये दलाल नाही, सगळे थेट शेतातून.
माझे तत्त्व एकच: ढिगातला सर्वांत मोठा नग उचलायचा. त्याच मातीत, त्याच पाण्यावर जो जास्त वाढला, तो गुणवान. मुळे हातभर लांब मिळाले, मनगटाएवढे जाड. सरोजिनीने एक मोडून पाहिला. म्हणाली, अहो, हे आतून कापसासारखे झालेत. मी म्हणालो, पचायला हलके.

२२ जानेवारी.
मुळे शेजारच्या गाईला दिले. गाईची निवड वेगळी असू शकते.

२८ जानेवारी, मंगळवार.
आज तानुबाईंची ओळख. साठीची बाई, स्वतःच्या शेतातली वांगी घेऊन बसते. तिने माझ्यासाठी लहान लहान वांगी निवडायला घेतली. मी ती नम्रपणे बाजूला करून मोठी घेतली. शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलावे म्हणून मी खास वऱ्हाडी काढली. त्यावर ती माझ्याशी एकदम शुद्ध बोलायला लागली. आदराचा परिणाम.
संध्याकाळी भाजी फारच उत्तम झाली. निवड बोलते. (कुंडावरून परतताना सरोजिनीच्या हातातही एक छोटी पिशवी असते. त्यात काय असते, विचारायचे राहिले.)

३ फेब्रुवारी.
आनंदाची बातमी. आमच्या स्वरालीचे जमत आले आहे. मुलगा नितेश, तिच्याच ऑफिसातला. वडील खुशालराव, बाळापूरकडचे, काळ्या जमिनीचे जुने शेतकरी. सोळा तारखेला, रविवारी, नवराबायको येणार. घर बघतील, माणसे बघतील, मग साखरपुड्याची तारीख.
फोनवर मी त्यांना शब्द दिला: मी स्वतः शेतकऱ्याकडून निवडून आणलेल्या वांग्यांचे भरीत, गच्चीवर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजून. ते म्हणाले, “वा! मग तं येतोच.”
स्वराली म्हणाली, बाबा, ते शेतकरी आहेत, प्लीज त्यांना शेतीबद्दल काही सांगू नका. पोरगी टेन्शनमध्ये आहे. मी तिला धीर दिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
कोर्टात तारीख, जाणे झाले नाही. सरोजिनी बसने गेली. पिशवी घेऊन गेली. अपवाद म्हणून परवानगी दिली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.
सापडली!
तानुबाईंच्या मागे, पोत्याच्या आडोशाला तीन वांगी. एकेक नारळाएवढे. जांभळेपणा जाऊन पिवळा सोनेरी रंग चढलेला, म्हणजे पूर्ण परिपक्व. प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. क्वालिटीचा मार्क! असला माल समोर मांडत नाहीत, हे मी ऐकून आहे.
मी हात पुढे केला. तानुबाई म्हणाली, “ते नाई, वकीलसाहेब. ते ठेवलं हाये.”
सौद्याची पहिली पायरी. समोरचा “नाही” म्हणतो ती सुरुवात असते, निकाल नव्हे. मी हसून पुढे गेलो, चहा घेतला. परत आलो तर तानुबाई घागर घेऊन कुंडावर गेलेली. ढिगावर शेजारची कौशल्या बसलेली. मी म्हणालो, तानुबाईंशी माझे बोलणे झाले आहे. हे शंभर टक्के खरे होते. काय बोलणे झाले, ते कौशल्याने विचारले नाही. बिचारीने नेहमीचाच भाव लावला. तिन्ही पिशवीत.
अनुभव कामी येतो.

संध्याकाळी ६.
सरोजिनीने वांगी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, तानुबाईंनी दिली? मी म्हणालो, ताब्यात आली. तिने चिंध्यांवरून बोट फिरवले. एक वांगे उचलून फळीवर, सावलीत ठेवले. म्हणाली, दोन पुरे आहेत. स्वभावाने काटकसरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
उद्याची तयारी. पऱ्हाट्या आल्या. गच्ची झाडली. खुशालरावांना सांगायचे तीन मुद्दे कागदावर काढले. स्वरालीने कागद फाडला. पाठ आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.
क्रमाने लिहितो.
खुशालराव आणि आशाबाई वेळेवर आले. साधी माणसे. मी त्यांना गच्चीवर नेले. माझ्या हाताने जाळ केला, वांगी ठेवली. धूर बराच झाला, खालच्या मजल्याच्या बाई वर येऊन पाहून गेल्या. साल करपली, आत मात्र नुसते बी. बी म्हणजे किती! मी चमच्याने वाटीत काढले, तेल घातले, हिरवी मिरची घातली, म्हणालो, घ्या, थेट शेतातून.
खुशालरावांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग दातांतले एक बी बोटावर काढून त्याच्याकडे पाहिले. जाळाजवळ पडलेली लाल चिंधी उचलली.
“हे तं बिजवाईचं वांगं हाये,” म्हणाले. “बी धराले ठेवते बाई. झाडावर चिंधी बांधून ठेवते, का कोनी तोडू नये. खायचं नसते हे. कोन्या बाईचं वर्षाचं बी भाजलं हो तुमी?”
मी म्हणालो, तसे काही नाही, विक्रेतीशी बोलणे झाले होते.
खुशालराव म्हणाले, “बोलनं झालं होतं, का तिनं देल्लं होतं?”
हा प्रश्न मी अडतीस वर्षे लोकांना विचारत आलो. मला कुणी विचारला नव्हता. स्वराली खाली बघत होती. मी म्हणालो, नाही. दिले नव्हते.
मला लाज वाटली. कोर्टात वाटत नाही ती ही.
सरोजिनी खालून भरिताचे दुसरे पातेले घेऊन आली. कोवळ्या, लहान वांग्यांचे. छोट्या पिशवीतले. मग माझ्या ध्यानात आले की गेल्या तीन आठवड्यांत ज्या भाज्या उत्तम झाल्या, त्या सगळ्या तिच्या त्या पिशवीतून आल्या होत्या. खुशालरावांनी दोनदा मागून घेतले.
निघताना मी तारखेचा विषय काढला. ते रागावले नव्हते, तेच जास्त लागले. म्हणाले, “तारीख काय पयून राहिली? आधी त्या बाईचं पाहून या.”

१७ फेब्रुवारी.
स्वराली बोलत नाही. फळीवरचे तिसरे वांगे जागेवर आहे, चिंधीसकट. मी दिवसातून चार वेळा जाऊन पाहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११, ऊनझरी, कुंडाची तिसरी पायरी. उजव्या हाताने लिहीत आहे, डावा पाण्यात.
पिशवी सरोजिनीकडे. माझ्याकडे फक्त वांगे. तानुबाईसमोर गेलो. भाषण तयार होते, ते उघडले नाही. मी वांगे पुढे केले आणि म्हणालो, दोन भाजली. चुकलो.
तिने वांगे हातात घेऊन दाबून पाहिले. म्हणाली, “माह्या सासूपासूनचं बी हाये हे. कौशल्या त्या दिसापासून रडून राहिली का मी इकलं म्हनून.” कौशल्याचीही माफी मागितली. ती पदरात तोंड लपवून आधी रडली, मग हसली.
तानुबाईने तिथेच वांगे चिरले. बी काढून फडक्यात बांधले. इथल्या बाया बी असे कुंडाच्या ऊन पाण्यात थोडा वेळ धरतात, मग सुकवतात. रोग लागत नाही म्हणतात. त्यासाठीच ती वांगी तिने त्या दिवशी आणली होती, आणि घागर घेऊन पाणी बघायला गेली होती. एका वांग्याचे बी पुरेल का, असे मी विचारले. म्हणाली, “पुरवाव लागते.”
मग तिने पुरचुंडी माझ्या डाव्या हातात दिली. सुटून जाऊ नये म्हणून वांग्याच्याच लाल चिंधीने ती माझ्या मनगटाला बांधली. म्हणाली, “हात बाहेर काढू नका. मी गिऱ्हाईक पाहून येतो.”
काम जबाबदारीचे आहे. माझ्यावर विश्वास टाकला, हे उघड आहे. तसे खुशालरावांना फोन करून कळवले. त्यांनी विचारले, “हात पान्यात हाये ना? मग ठेवा फोन, नाई तं बी सोडसान.” पण पुढे म्हणाले की तारीख काढतो. आणि साखरपुड्याची भाजी त्यांच्याकडून येईल. मी म्हणालो, अहो कशाला तसदी? म्हणाले, नाही, नाही, तुमी आराम करा.

सकाळी ११.४०.
सरोजिनी माझ्या शेजारी पाय सोडून बसली आहे. एक बाई पायरीवरून जाताना थांबली, माझ्या मनगटाकडे बघितले आणि वर ओरडून तानुबाईला विचारले, हा मानूस इथं काहून बांधून ठेवला?
तानुबाई तिथूनच ओरडली, “त्याले हात लावू नोको. ते ठेवलं हाये!”
सगळा घाट हसला. सरोजिनी सर्वांत जास्त हसली. मग म्हणाली, बरं झालं, नाहीतर एवढं पिकलेलं कुणी नेलं असतं?

संध्याकाळी ७, घरी.
बी सुकायला ठेवून आलो. चिंधी अजून मनगटावर आहे. काढायची राहिली.