पोखर्णीच्या मंजुळेचं वजन

५ जानेवारी १९८७, परभणी
खोली मिळाली. मोठे डॉक्टर शेवटी कबूल झाले. दवाखान्याच्या मागं मोडके पलंग रचून ठेवलेली ती खोली आता महिनाभर माझी. तिथं तीन बाया राहणार आणि आमच्या स्वयंपाकघरातलं, तोलून दिलेलं तेवढंच खाणार. बाहेरचा घास नाही.
मो.डॉ. म्हणाले, "बाई, यातून निघणार काय? जास्त खातात म्हणून जाड होतात."
म्हटलं, "तेच बघायचंय, सर. सगळे म्हणतात, पण इथं कुणी तोलून बघितलंय का?"
हसले. पण सही केली.

८ जाने.
तिघी आल्या. राधाबाई गंगाखेडच्या, मालक साखर कारखान्यात कारकून. चाळिशी, गुडघे दुखतात, बोलायला एक नंबर. सुलोचना इथलीच, प्राथमिक शाळेत मास्तरीण, बिनपगारी रजा टाकून आली. तिसरी पोखर्णीची मंजुळा. सत्तावीस वर्षं, दोन लेकरं, घरी कोरडवाहू शेती. काट्यावर ब्याण्णव किलो. तिघींत तीच जड आणि तिघींत तीच दिवसभर राबणारी. हात बघितले, खुरप्याचे घट्टे आहेत.
नवरा भगवान सोडायला आला होता. खाली मान घालून म्हणाला, "आई म्हणती, डाक्टरीणबाईनं एकदा पकडावं हिला. घरात चोरून खाती."
मंजुळा शेजारीच उभी. लुगड्याचा पदर नुसता ओढून घेतला.

९ जाने.
पहिलं जेवण. आमच्या स्वयंपाकीण काशीबाई भाकरी तोलताना कुरकुरल्या, "सोनं हाय का ज्वारी?" पण तोलली नीट. भाकरी, वरण, पालेभाजी, ताक. तेल चमच्यानं. तिघींना सारखंच.
मंजुळाचं थायरॉईडसाठी रक्त काढलं, पुण्याला पाठवलं. मला तिथंच काही निघेल असं वाटतंय. निघालं तर गोळी सुरू, प्रश्न मिटला. ती मात्र सुईला घाबरली नाही. विचारलं, "ताई, यात चोरी दिसती का?"

१५ जाने.
काल संक्रांत. प्रत्येकीला एकच तिळगूळ, तोलून. राधाबाई म्हणाल्या, "एवढ्या तिळगुळात गोड बोलणं अवघड हाय, ताई." सगळ्या हसल्या. नातेवाईक भेटून गेले. पिशव्या मी दारातच तपासल्या, वाईट वाटलं तरी.
वजनं घेतली. तिघींचीही उतरली. मंजुळाचं सगळ्यात कमी, पण उतरलं. मी खूष. औरंगाबादच्या कॉलेजातल्या माझ्या सरांना, ज्यांच्या हाताखाली हा अभ्यास करतेय, पत्र टाकलं.

२० जाने.
राधाबाई आणि सुलोचना उतरताहेत. मंजुळा थांबली. पहिल्या आठवड्यात गेलं तेवढंच, पुढं काटा हलत नाही. पुन्हा चढवली, चपला काढून, बांगड्या काढून. तेच.
काशीबाई माझ्याकडं बघून भुवया उडवतात. मो.डॉ.नी जाता जाता विचारलं, "काय, सापडला का डबा?"
डोकं शांत ठेवायचं. काटा बरोबर आहे का ते आधी बघायचं. बघितलं, डाळीच्या दुकानातली मापं आणून. काटा बरोबर आहे.

२२ जाने.
सरांचं पत्र. मंजुळाचं वजन थांबल्याचं परवाच फोनवर कळवलं होतं. "बाहेरून खाणं येतंय, ही बाई अभ्यासातून काढून टाक." दोन ओळींत निकाल.
काढणार नाही. ज्या बाईचं काही जुळत नाही तिलाच काढलं तर मग अभ्यास कसला करायचा? उद्यापासून मी त्याच खोलीत राहणार. चौथा पलंग. त्यांच्याच ताटातलं तेच, तेवढंच जेवणार.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं लग्न राहिलं बाजूला, तू दवाखान्यात उपाशी झोप."
उपाशी नाही. तोलून.

२४ जाने.
भूक लागते. लिहून ठेवते, कारण पुस्तकात वाचलं त्यापेक्षा वेगळी लागते. दुपारी चारला वासानंच काशीबाईचं वरण ओळखलं. सुलोचना चिडकी झालीय, राधाबाई खाण्याच्याच गोष्टी सांगतात. पुरणपोळीवर तूप कसं सोडायचं ते काल तासभर. मंजुळाला विचारलं, तुला भूक लागत नाही का?
"लागती की. सवय हाय. घरी आत्याबाई अर्धीच देत्यात."
सासूला आत्याबाई म्हणते. अर्धी भाकरी, आणि वर शेताचं काम. ब्याण्णव किलो.
पुण्याहून रिपोर्ट आला. थायरॉईड ठीक. अगदी ठीक. मी निराश झाले ते तिला दिसलं असावं. म्हणाली, "न्हाई सापडलं?" नाही म्हटलं. तिनं मान हलवली, जसं काही आधीच माहीत होतं.

२६ जाने.
सकाळी खोली झाडताना राधाबाईंच्या पलंगामागं तीळ आणि गुळाचा चिकट कागद. काशीबाई कागद घेऊन सरळ मंजुळासमोर उभ्या. "आता काय म्हणतीस?"
मंजुळा पांढरी पडली. "म्या न्हाई खाल्ला. नरसिंहाची आण."
काशीबाई म्हणाल्या, "देवाला मधी आणू नगं."
मी काही म्हणायच्या आत राधाबाई उठल्या. तोंड लाल. "तिला बोलू नका. माझी लेक आली होती ना संक्रांतीला, तिनं पदरात घालून दिले. म्या खाल्ले. चार दिवस पुरवून खाल्ले."
राधाबाई रडायला लागल्या. आणि मंजुळाच त्यांच्यापाशी जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवत. काशीबाई कागद चुरगळून निघून गेल्या, नंतर चहा घेऊन आल्या. बिनसाखरेचा, पण स्वतःहून.
आता मी विचार करतेय तो हा. जिनं चोरून खाल्लं तिचं वजन उतरलं. जिनं खाल्लं नाही तिचं उतरलं नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं. कुणाच्या पत्रानं पुसलं जाणार नाही.

२९ जाने.
विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात बंद. एस.टी. उभ्या, भाजीवाला आला नाही. वरण-भाकरीवर दिवस काढला. दुपारभर तिघी आवारात फेऱ्या मारत बोलत होत्या. सुलोचना मंजुळाला सही शिकवतेय. पाटीवर नाही, जमिनीवर काडीनं. मंजुळा म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढे दिवस चुलीपासून लांब बसले.

६ फेब्रुवारी
महिना संपत आला. शेवटचं वजन. राधाबाईंचा गुडघा हलका झालाय, कठडा न धरता जिना चढून आल्या. सुलोचनाचे ब्लाउज ढगळ. माझंही उतरलं. मंजुळा: दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ जिथल्या तिथं.
सरांना सगळं लिहिलं. मीही तेच खाल्लं आणि माझंही उतरलं, हे पण. शेवटी लिहिलं: हिचं शरीर कमी खाण्यावर चालायला शिकलंय असं मला वाटतं. कसं, ते माहीत नाही. पण ती खोटं बोलत नाही, यावर मी सही करते.
पोस्टात टाकलं आणि छान वाटलं.

९ फेब्रु.
भगवान न्यायला आला. आल्या आल्या, "कमी न्हाई झाली?" मग स्वतःशीच, "आई म्हणलीच होती."
मी म्हटलं, थांब, मी येते. मो.डॉ.ना सांगून जीप मागितली, मिळाली नाही. एस.टी.नं गेलो तिघं पोखर्णीला. जत्रेच्या तयारीत नरसिंहाच्या देवळाला रंग देत होते.
आत्याबाई ओसरीवर. सडपातळ, ताठ, डोळे तेज. मी बसले आणि सरळ सांगितलं. महिनाभर हिच्या ताटात काय पडलं ते मी तोललं, शेवटचे पंधरा दिवस हिच्याबरोबर राहिले, तेवढंच मीही खाल्लं. हिनं एक घास चोरला नाही.
"मग माझ्या दुरडीतल्या भाकरी कमी व्हायच्या त्या कुणी खाल्ल्या?"
भगवान म्हणाला, "म्या खात होतो, आई. शेतातून आल्यावर." इतक्या हळू की दोनदा विचारावं लागलं.
म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. "मग हिच्या आंगात काय हाय, ते तरी सांगा."
"अजून माहीत नाही. शोधणार आहे."
"कवा सापडल?"
"सापडेल. घाई करून खोटं सांगणार नाही."
मग आत ओरडून म्हणाली, "मंजुळे, बाईसाठी च्या ठेव. आन तू बी जेव. पोटभर."
पोटभर म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. निघताना मंजुळा बसपर्यंत आली. म्हणाली, "ताई, माहेरी माझी आत्या अशीच हाय. आज्जी बी होती म्हणं. सोनपेठला." महिनाभर मी हे विचारलं नव्हतं कुणालाच. किती खाता, किती चालता, एवढंच विचारत राहिले.

१८ फेब्रु.
सरांचं उत्तर. "एका बाईवरून काही ठरत नाही." बरोबर आहे. खाली, वेगळ्या शाईत: "कुटुंब बघ. मापं नीट घे." एवढं लिहिलं, मला पुरे आहे. सर असेच.

१ मार्च, सोनपेठ
काटा पोत्यात गुंडाळून एस.टी.च्या टपावर. कंडक्टरनं विचारलं काय आहे, म्हटलं वजनकाटा. "बाजाराला का?" हो म्हटलं.
मंजुळा माहेरी आलीय, आठ दिवस राहायला. आत्याबाईंनी स्वतः पाठवली म्हणे. चेहरा उजळलाय, वजन तेच.
माहेरच्या वाड्यावर सगळे उभे. भाऊ दोघं काटक्यांसारखे. आई मध्यम. आत्या, सरूबाई, साठीची, मंजुळापेक्षाही जड, शेरडं राखते. काट्यावर चढायला तयार नव्हती. "जनावर तोलत्यात तसं काय तोलता." मंजुळानं तिच्या हाताला धरून चढवलं. "आत्या, ताई काय बोलत न्हाई. चढा."
एकीकडे वाळके, एकीकडे अशा. एकाच ओसरीवर, एकाच चुलीवरचं खाऊन. मी भराभर लिहीत होते.
मग जेवायची वेळ. थोरल्या भावाची मुलगी, सहा-सात वर्षांची, गोल, गालावर खळ्या, ताटाशी बसलेली. भाकरी संपवून तिनं दुसरीला हात घातला. तिच्या आईनं, मंजुळाच्या वहिनीनं, पटकन तिच्या हातातून ती काढून घेतली. सगळ्यांसमोर, सहज, रोजचंच असल्यासारखं. मुलगी रडली नाही. हात मांडीवर ठेवून बसली.
मंजुळानं जेवण थांबवलं. "वहिनी, द्या तिला."
वहिनी माझ्याकडं वळली. "तुमीच सांगा, डाक्टरीणबाई. आत्ताच आवरलं न्हाई तर आत्यावर जाईल. देऊ का नको?"
सगळे माझ्याकडं बघत होते. मंजुळा पण.
दोन महिन्यांपूर्वी मला उत्तर माहीत होतं. आज सांगितलं, "आज द्या. मी पुढच्या महिन्यात पुन्हा येते, हिचं माप घ्यायला. तोवर हिच्या ताटातलं काढू नका."
वहिनीनं भाकरी परत ठेवली. मुलीनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तुकडा मोडला.
बरोबर सांगितलं की नाही, ते अजून माहीत नाही. पुढच्या महिन्यात काटा घेऊन पुन्हा येईन.