टेप सैल धर

प्रिय आई,

...आणि मी बटणावरचा हात काढून घेतला. दोन्ही हात वर, चोर पकडल्यासारखे, आणि डोळा पडद्याच्या फटीला. टपालवाले काका दारात आले. जन्मभर पत्रं वाटून निवृत्त झालेले हे काका दर सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत येतात, कारण आम्हाला वयस्क माणूस लागतं आणि त्यांना चहा. खोलीत दिवेलागणीइतकाच उजेड ठेवला होता. काकांनी एक पाय आत टाकला, दुसरा बाहेरच राहिला. एक, दोन. आणि आई, दिवा लागला. आधी वाटेवरचा, मग टेबलावरचा, हळूहळू, डोळे दिपू नयेत असा. मी काहीच केलं नव्हतं. काका पडद्याकडे बघून म्हणाले, शाबास पोरी, आज वेळेवर लावलास. मी बाहेर येऊन रिकामे हात दाखवले, तर म्हणाले, मग आत कोणाला बसवलंयस?

हे पत्र दुपारी खिडकीपाशी बसून वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तीन आठवडे ते यंत्र मीच होते. आमच्या विषयात तशी रीतच आहे. यंत्र बनवण्याआधी पडद्यामागे माणूस बसवायचा, त्याने यंत्राचं सोंग घ्यायचं, आणि लोकांना असलं काही हवंय का ते बघायचं. काकांनी पहिल्याच दिवशी पडदा उचलून मला बिस्किट खाताना पकडलं, पण कोणाला सांगितलं नाही. आता पायपुसण्याखाली पट्ट्या आहेत. कोणत्या पायावर किती भार आहे ते त्यांना कळतं. माणूस घुटमळला की भार मागच्या पायावर राहतो, आणि तेवढ्यावरून खोली समजून घेते. माझ्या जोडीदाराला सगळे डाग म्हणतात, कारण त्याच्या एकूण एक शर्टावर तारा जोडायच्या सोल्डरचा डाग आहे. त्याने त्या पट्ट्या सात वेळा सोडवून पुन्हा जोडल्या. आज दिवा लागल्यावर तो जिन्यात जाऊन एकटाच हसत बसला.

तू फोनवर विचारलंस, एवढं शिकून शेवटी वायरमनच होणार का. होय, पण निराळी. संगणक टेबलावर बसून राहायचे दिवस संपत आलेत. तो भिंतीत जाणार, दारात जाणार, पायपुसण्यात जाणार. मीठ पाण्यात जातं तसा. आम्ही शिकतो ते एवढंच, की तो दिसू नये, आणि त्याच्यापुढे कोणाला ओशाळं वाटू नये. सकाळी उठल्यावर मनात याचाच विचार येतो. चप्पल घालतानासुद्धा मी पायाकडे बघत राहते.

शुक्रवारी तीन परीक्षक येणार आहेत. वर्गातल्या एकाच प्रकल्पाला पुढचं वर्षभर प्रयोगशाळेत जागा मिळेल, आणि बसवून बघायला एक खरं, राहतं घर. आमच्यासमोर बोलणाऱ्या आरशाची टोळी आहे. त्यांचा आरसा रोज विचारतो, आज कसं वाटतंय. डाग म्हणतो, एक दिवस कोणीतरी खरं सांगेल आणि तो तडकेल. आमच्या मार्गदर्शक बाईंच्या मते आमचं काम सरस आहे, फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं. माणूस बटण शोधायच्या आधी दारात घुटमळतो, हे तुम्हाला कळलं कुठून? बाकी सगळ्यांचं लक्ष बटणावरच होतं.

उत्तर माझ्या वहीत आहे. पण ते मला तुझ्याच टेबलापाशी सापडलं असं म्हणायला हवं. शाळा सुटली की मी दुकानात यायचे, तू कापड बेतायचीस आणि मला मापं लिहायला बसवायचीस. एकदा एका जाड्या वकिलांनी टेप लागताच पोट आत घेतलं. मी म्हटलं, पोट सोडा ना. घरी येताना तू मला अख्खा रस्ता झापलंस. असं सांगायचं नसतं. टेप सैल धर, मुलाबाळांचं विचार, बोलता बोलता तो श्वास सोडतो, तेव्हाचा आकडा खरा. पहिल्या वर्षी बाईंनी हेच शिकवलं, फळ्यावर आकृत्या काढून, दोन तास. मी मागच्या बाकावर हसत होते.

म्हणून गेल्या सुट्टीत मी टेप सैल धरली. चौदा दिवस. दिवेलागणीला तू स्वयंपाकघराच्या दारात थांबतेस. मागच्या पायावर, दोन मोजेपर्यंत. मग डावा हात भिंत शोधतो आणि भिंतीवरून बटण. बल्ब तू तीनदा बदललास, तिन्ही चांगले होते. निळा खडू सोडून पांढरा घेतलास. दुकानातून हल्ली चारलाच निघतेस आणि मालकाला गुडघ्याचं कारण सांगतेस. सगळं तारखेसकट लिहिलंय. नाव घातलेलं नाही, पण तुझ्या मालकाला कळायला नाव लागणार नाही. बाईंनी वही वाचली आणि विचारलं, यांना विचारलं होतंस का. मी म्हटलं, आई आहे माझी. त्या म्हणाल्या, मग तर विचारायलाच हवं होतं. मी टेपची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक मापाला आपणहून आलेलं असतं. सोबत एक संमतीचा कागद आहे. तुझ्या सहीशिवाय ती पानं वापरता येत नाहीत. तो पाठवण्यासाठी हे पत्र, आणि फोनवर तू विषय बदलतेस म्हणूनही. तुला संध्याकाळी दिसत नाही, हे मला माहीत आहे. ते मी तुझ्याकडून ऐकायला हवं होतं.

तुझीच,
टाचणी

मंगळवार, सकाळ. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. वहीची शिवण उसवून चौदाही पानं काढली. ती पत्रासोबत ठेवली आहेत, दुसरी प्रत नाही. शुक्रवारी तो प्रश्न आला तर सांगता येणार नाही म्हणेन. डागला सांगितलं. तो पट्ट्या तपासायला गेला. सहीची घाई नाही. काका काल म्हणाले, दहाच्या आत टाकलं तर गुरुवारी पोचतं. मी शनिवारी दुपारी येते.